पुसलेली फुली

बाबा, कका अजून आहेत. तुमच्या खात्यातल्या ट्रॉल्या ढकलणारे कका, ज्यांना तुम्ही भैया म्हणायचात आणि ज्यांच्या खिशात माझ्यासाठी नेहमी फुटाण्यांची पुडी असायची. मी समजत होते, ते कधीच गेले असतील. गेल्या आठवड्यात मी सासूबाईंना घेऊन रायपूरच्या समता कॉलनीतल्या एका दवाखान्यात गेले होते. त्यांना तपासायला आत नेलं आणि मी बाहेर बाकावर बसले. तेवढ्यात दाराशी एक आवाज आला. चाक फिरायचं सोडून फरशीवरून घासत येतं तेव्हा होतो तो आवाज. एक म्हातारे गृहस्थ पुढे दोन लहान चाकं असलेला वॉकर ढकलत येत होते आणि दर दोन पावलांनी थांबून तो उचलून सरळ करत होते. बाकावरचे सगळे त्यांच्या पायांकडे बघत होते. मी चाकाकडे बघत होते.

मला राहवलं नाही. त्यांना खुर्चीवर बसवून मी वॉकर आडवा केला आणि तिथेच उकिडवी बसले. आसाभोवती दोरे आणि केस गुंडाळले जाऊन घट्ट दोरखंड झाला होता. तुम्ही म्हणायचात ना, "चाक कधी सोताहून मरत नाही, कोनाचे तरी केस त्याच्या गयात असतात." केसांतली पिन काढून मी गुंता ओढून काढला आणि बोटाने चाक फिरवून पाहिलं. वरून आवाज आला, "अइसने उकडू बैठ के पहिया एके झन देखय." असं बसून चाक एकच माणूस बघायचा. मी मान वर केली. "तैं मिस्त्री के नोनी अस का?" मिस्त्रीची मुलगी का तू? मी "हव" म्हटलं, आणि मग त्यांच्या उजव्या पायातल्या त्या जाड, पुढून आखूड बुटाकडे माझं लक्ष गेलं. तोवर मी त्यांना ओळखलं नव्हतं.

ते पुढे काय बोलले ते लिहितेच. पण त्याआधी मला एक दिवस नीट लिहून काढायचा आहे. बत्तीस वर्षांत मी तो कुणाला सांगितलेला नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही.

उरल्याच्या त्या रोलिंग मिलमध्ये तुमचं पद कागदावर फिटर असं होतं, पण सगळे तुम्हाला ट्रॉली मिस्त्री म्हणायचे. लोकांना भट्टी दिसायची, मशीन दिसायचं. तुम्हाला भट्टीपासून मशीनपर्यंत आणि मशीनपासून गोदामापर्यंत माल वाहून नेणारी चाकं दिसायची. भट्टीजवळ बिडाची चाकं, कारण तापलेल्या जमिनीवर रबर मऊ पडतं. गोदामाच्या गुळगुळीत फरशीवर नायलॉनची. ऑफिसकडे जाणाऱ्या ट्रॉलीला रबराची, साहेब लोकांना खडखडाट नको म्हणून. मागे दोन पक्की चाकं आणि पुढे दोन फिरती; चारही फिरती लावली तर भरलेली ट्रॉली उतारावर माणसाचं ऐकत नाही. रविवारी अंगणात बसून बेअरिंग धुताना तुम्ही हे मला सांगायचात, आणि दुसऱ्या घरात मुलींना आमटीची फोडणी शिकवतात तशी मी ते शिकत गेले. एकदा मी विचारलं, चार चाकं म्हणजे प्रत्येकावर पाव वजन ना? शाळेत नुकताच भागाकार झाला होता. तुम्ही हसलात. "पुस्तकातली जमीन सपाट असते, बाई. आपल्या इथं वजन तीनच चाकं उचलतात, चौथं नुसतं संगं हिंडते. म्हणून चाक निवडतानी हिसाब तिघाईचा धराचा." आजही मी तसाच धरते.

ज्या ट्रॉलीत खोट सापडेल तिला तुम्ही लाल चिंधी बांधायचात. चिंधी असलेली ट्रॉली कुणी हलवत नसे, आणि ती सोडायचा हक्क फक्त तुमचा होता. मिलमध्ये यावर कुणाचा वाद नव्हता.

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी उरल्यातले सगळे कारखाने बंद असतात. आदल्या दिवशी मशीन धुतात, पूजेला हार घालतात, कुंकू लावतात, आणि कामगारांच्या बायकापोरांना आत सोडतात. आपल्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, पूजापाठ नव्हता. तुम्ही पूजेत उभे राहत नव्हता, पण सुट्टीही घेत नव्हता. वर्षातून तेवढ्याच दिवशी सगळ्या ट्रॉल्या एका ठिकाणी, रिकाम्या, उलट्या करून बघायला मिळायच्या. तुम्ही पहाटेच जाऊन पूजेच्या आत काम उरकायचात. कुणीतरी दरवर्षी म्हणायचं, "मिस्त्री, आज तो पहिए को छुट्टी दे." आणि तुम्ही दरवर्षी तेच म्हणायचात, "पहिया छुट्टी ले लेगा तो कल तुम कंधे पे ढोना." दरवर्षी सगळे हसायचे. सगळ्यात मोठ्याने कका.

त्या वर्षी मी आठवीत होते. सायकलच्या कॅरिअरवर मला बसवून तुम्ही घेऊन गेलात. रस्त्यात तुम्ही सांगितलं की आज मिलमध्ये जिकडे तिकडे लाल कापड बांधलेलं असतं, चिंधी बांधली तर लोक तिलाही सजावट समजतील, म्हणून आज खडूने फुली. "फुली दिसली का हात नाही लावाचा. मी मारली, मीच पुसीन." हे तुम्ही पुढे बघत, पायडल मारत बोललात. मी "हो" म्हटलं होतं. हे सगळं मला आठवतं. मला आठवत नाही असं म्हणायची सोय नाही.

बारा ट्रॉल्या भिंतीशी ओळीने उभ्या होत्या. पूजा झाली, पोरं ताटल्या घेऊन पळत सुटली. माझ्या वर्गातल्या मुलींचे वडील आपापल्या मशीनजवळ नवे शर्ट घालून उभे होते आणि त्या मशीनला टिळे लावत होत्या. तुमच्या ट्रॉल्यांकडे कुणी फिरकलं नाही. तुम्ही मागच्या नळावर हातांचं ग्रीस धूत होतात. एका बाईंनी माझ्या हातात कुंकवाची ताटली दिली. "जा बेटा, तेरे पापा की गाड़ी को भी टीका लगा दे." त्या चांगल्या मनाने म्हणाल्या. मीही आनंदाने गेले. अकरा ट्रॉल्यांना टिळा लावला. बारावी दरवाजाच्या बाजूला होती, आल्या-गेल्याला सगळ्यांत आधी दिसेल अशी. तिला नुसता टिळा नको, स्वस्तिक काढायचं असं मी ठरवलं. चाकाच्या वरच्या पट्टीवरच जागा होती, आणि तिथे तुमची पांढरी फुली होती. मी कुंकू लावून पाहिलं, तर खडूत मिसळून ते गुलाबी, मळकट दिसायला लागलं. मग ओढणीचं टोक ओलं करून मी पट्टी स्वच्छ पुसली आणि तिथे स्वस्तिक काढलं.

फुलीचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. कळला होता. मी मनात म्हटलं होतं की सगळे बघून गेले की खडू आणून परत मारीन. मग बुंदीची रांग लागली.

निघताना तुम्ही लांबूनच ट्रॉल्यांकडे पाहिलंत. "सजवल्या काय व माह्या गाड्या?" तुम्ही खूष दिसलात. तेवढ्या एका वेळी तुम्ही वाकून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ककांनी त्या ट्रॉलीवर मशीनचा जड रोल चढवला. चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा जो लोखंडी चिमटा असतो, त्यालाच तडा होता. त्यासाठीच ती फुली होती. नवा चिमटा स्टोअर उघडल्यावर मिळणार होता. वळणावर तो तुटला, ट्रॉली कलली आणि रोल ककांच्या उजव्या पायावर आला. पुढचा अर्धा पंजा कापावा लागला. संध्याकाळी तुम्ही घरी आलात तेव्हा मी ओट्याशी भाकरीचं पीठ मळत होते. आईने विचारलं, "कसं झालं हो?" तुम्ही हातपाय न धुताच खाली बसलात. इतक्या वर्षांत तसं कधी केलं नव्हतं. म्हणालात, "फुली माराची राह्यली माह्याच्यानं. भुललो." आई म्हणाली, "तुमी? तुमी काहून भुलसान?" माझे हात पिठात होते. मी मळत राहिले. पीठ पार चिवट होईपर्यंत मळत राहिले, आणि आईने त्यावरून मला रागावलं.

त्यानंतर तुमच्याकडून चाकांचं काम काढून घेतलं. गेटवर ट्रकचे नंबर लिहायला बसवलं. आणि घरात तुम्ही सगळं तपासायला लागलात. गॅसचं बटण एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. सिलिंडरखाली तुम्हीच मिलमधली टाकाऊ चाकं लावून ट्रॉली केली होती. ती सरकत नाही ना हे पायाने दाबून बघायचात. कुलूप ओढून बघायचात, गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत यायचात आणि पुन्हा ओढायचात. पाऱ्यातली, आपल्या मोहल्ल्यातली पोरं नक्कल करायची. आई चिडून म्हणायची, "झालं ना आता, किती डाव पाह्यसान!" तुम्ही म्हणायचात, "माहा भरोसा नाही राह्यला." ते ऐकून मी दुसऱ्या खोलीत जायचे. एक वाक्य बोलले असते तर तुमचा तुमच्यावरचा भरोसा परत आला असता, हे मला तेराव्या वर्षीही कळत होतं. सहा वर्षं मी ते वाक्य बोलले नाही. तुमच्या शेवटच्या उन्हाळ्यात, तुम्ही अंथरुणाला खिळला होतात तेव्हा, मी एकदा तोंड उघडलं. "बाबा, त्या पूजेच्या दिवशी..." एवढंच म्हटलं आणि तुम्ही मध्येच म्हणालात, "जाऊ दे. चहा ठेव जरासाक." मी स्वयंपाकघरात गेले. आधण उकळत होतं आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं. त्या सुटकेची मला फुली पुसल्यापेक्षा जास्त लाज वाटते.

मी आता नवा रायपूरला एका संस्थेच्या भांडार विभागात आहे. माझ्याकडे खरेदी येते, त्यात ट्रॉल्याही येतात. फाइलींच्या, औषधांच्या, सामानाच्या. नमुना आला की मी तो उलटा करायला लावते. एक विक्रेता परवा म्हणाला, "मैडम, लोग तो ऊपर का पेंट देखते हैं, आप पहली हैं जो पेट देखती हैं." सगळे हसले, मीही हसले. चिमट्याच्या जोडावरून नख फिरवते. फुली मारायची असेल तर खडू वापरत नाही. पक्क्या रंगाने मारते आणि वर सही करते. तरी जेवणाच्या सुट्टीत, भांडारात मी एकटी असताना, कधी कधी एखादं फिरतं चाक आपोआप वळतं. रिकाम्या ट्रॉलीचं चाक जरा उतार मिळाला की वळतंच, त्यात काही नाही. पण मी डबा उघडा ठेवून त्या ट्रॉलीकडे बघत बसते. मला वाटतं तिच्या पलीकडे कुणीतरी उकिडवं बसलं आहे आणि उठायची वेळ झाली तरी उठत नाही. मी उठून पलीकडे जाऊन बघते. रोज नाही, पण बघते.

तर कका. ते माझ्याशेजारी बसले, पोरं-नातवंडं विचारली, आणि मग स्वतःच त्या सकाळच्या गोष्टीवर आले; तुमचा उल्लेख ते 'तोर ददा', तुझे वडील, असा करत होते. म्हणाले, "मैं तो वहीं जमीन में पड़े रहेंव, नोनी. पहिया मेरे मुँह के सामने. साहब दौड़ते आया, पूछा, मिस्त्री, निशान क्यों नहीं मारा? तोर ददा बोला, मारा था साहब, कसम से मारा था. फिर वो पहिये के पास बैठा." इथे ते थांबले आणि हाताने हवेत आकृती काढून दाखवायला लागले. "उहाँ कुंकू का स्वस्तिक बना था. उल्टा. हाथ-पैर सब उल्टी तरफ. तोर ददा बहुत देर उसको देखता रहा. फिर अँगूठे से पोंछ दिया, और खड़ा होके बोला, नहीं साहब, मैं भूल गया."

बाबा, पूजेच्या आठ दिवस आधी तुम्ही माझी गणिताची वही चाळली होती. मागच्या पानावर मी मैत्रिणीच्या उंबऱ्यावर पाहिलेलं स्वस्तिक काढून काढून गिरवलं होतं. आपल्या घरात कुणी काढत नसल्यामुळे ते कुठल्या बाजूला वळतं हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही रागावला नाहीत. "उलटं काढलं तू. काढाचंच हाये तं नीट काढ," असं म्हणून वही परत दिली होती.

म्हणजे तुम्हाला त्या सकाळीच कळलं. दवाखान्याच्या बाकावर मला हे कळायला किती वेळ लागला ते सांगता येत नाही. कका बोलत होते आणि मला त्यांचं तोंड हलताना दिसत होतं. तुम्ही भुलला नव्हता. मग ते गॅसचं बटण काय होतं? भुललो असं एकदा म्हटल्यावर भुलक्या माणसासारखं वागावंच लागतं, म्हणून? की खोटं बोलता बोलता ते खरंच तुमच्या अंगात शिरलं? आणि चहा ठेवायला सांगितलात, तो मला वाचवायला की स्वतःला? मी बोलून टाकलं असतं तर तुम्हाला मला रागवावं लागलं असतं, आणि ते तुम्हाला नको होतं, असं असेल का? मी विचारत राहते.

पण ककांची गोष्ट संपली नव्हती. त्यांचं असं पक्कं मत आहे की ते स्वस्तिक कुणा साहेबाच्या लेकराने काढलं. "साहब मन के लइका दिन भर वहीं खेलत रहिन. मोर गोड़ चल दिस, अउ मिस्त्री साहब के डर में उनके लइका ला बचाइस." पाय माझा गेला आणि मिस्त्रीने साहेबाच्या धाकाने त्यांचं पोर वाचवलं, असं. हे ते रागाने बोलले नाहीत. फार वर्षं वापरलेल्या वस्तूसारखं सरळ काढून समोर ठेवलं. "बाद में घर आता था तोर ददा, फल लेके. मैं मुँह फेर लेता था. उसकी मिट्टी में भी नहीं गया." तुम्ही फळं घेऊन जायचात हे मला माहीत नव्हतं. सहा वर्षं तो माणूस तुमच्याकडे पाठ करून झोपला आणि तुम्ही फळं ठेवून परत आलात. आणि तुम्ही गेल्यावर सव्वीस वर्षं तो तुम्हाला साहेबांचा माणूस समजत आला आहे. ज्याच्या बोलण्यावर तो सगळ्यात मोठ्याने हसायचा आणि ज्याच्या फुलीवर डोळे मिटून वजन ढकलायचा, त्याने ककांचा पाय साहेबाच्या पायाशी ठेवला, असं.

मग ते पोर कोण होतं हे मला माहीत आहे का, असं त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तैं तो वहीं रहे, नोनी. कोन लइका रहिस, जानथस का?"

मी म्हटलं, "नइ जानँव, कका."

इतक्या पटकन म्हटलं की ते बोललं कोण हे मलाच क्षणभर कळलं नाही. ते मान हलवून म्हणाले, "हव, तैं भी तो छोटे रहे." त्यांचा नंबर आला. मोकळ्या झालेल्या चाकाचा वॉकर ढकलत ते आत गेले, आणि दाराशी वळून हात वर करून म्हणाले, "बढ़िया चलथे!"

हे पत्र तुम्हाला लिहायचं काही कारण नाही, बाबा. यातलं सगळं तुम्हाला आधीपासून माहीत होतं. मलाच शेवटी कळलं. हे ज्यांना कळायला हवं ते कका बीरगावला राहतात, त्यांच्या त्याच जुन्या पाऱ्यात, त्याच घरात, आणि त्यांना ऐकू नीट येतं. मी तुम्हाला लिहिते आहे कारण तुम्ही विचारणार नाही. हे कागद मी ऑफिसात, जुन्या खरेदीच्या फाइलींखाली ठेवणार आहे.

काल रविवार होता. मी कार घेऊन बीरगावपर्यंत गेले होते. पाऱ्याच्या तोंडाशी गाडी थांबवली. तिथून त्यांचं दार दिसत होतं आणि दारात वॉकर उभा होता. मी पाऊण तास काच वर करून बसून राहिले. मग परत फिरले. घरी नवऱ्याने विचारलं, एवढा उशीर कुठे झाला. मी म्हटलं, चाक पंक्चर झालं होतं.

चाकांना काहीही झालं नव्हतं, बाबा.